बारा खडे आले, पण पुस्तिकेने घोळ घातला

रविवारच्या वर्गात मुलांना बायबलमधल्या अहरोनाचा, म्हणजे इस्राएलच्या पहिल्या मुख्य याजकाचा (पुरोहिताचा), ऊरपट, म्हणजे छातीवरचा रत्नजडित पट, दाखवायचा म्हणून बारा खड्यांची ही पेटी मागवली. मांडणी झकास: बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आहे तशाच तीन-तीनच्या चार रांगा, वीतभर चौकोनात. प्रत्येक खड्याखाली इस्राएलच्या बारा वंशांपैकी एकेकाचं नाव. मुलं खडे हातात घेऊन नावं वाचतात तेव्हा कळतं, याजक बारा वंशांना छातीवर वागवायचा म्हणजे काय.

तक्रार निळ्या खड्याची. ओल्या कापसाने पुसला तर कापूस निळा! रंगवलेली काच निघाली. शिवाय प्राचीन काळी ज्याला नीलमणी म्हणत तो बहुधा आजचा नीलम नव्हे, सोनेरी ठिपक्यांचा गडद निळा लाजवर्द. निर्गमातच वर्णन केलेली देवाच्या पायांखालची आकाशासारखी फरसबंदी त्याच खड्याची. तो दिला असता तर पेटीचं सोनं झालं असतं.

पेटीसोबतची पुस्तिका मात्र सरळ बाजूला ठेवा. कुठला खडा कुठल्या वंशाचा हे बायबल सांगतच नाही, आणि हिने ते ठामपणे सांगून वर खड्यांना जन्ममहिनेही जोडलेत! बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या नगरीच्या तटाच्या पायाचे बारा रत्नजडित थर, त्यातला पहिला यास्फे रत्नाचा, यांचा उल्लेखसुद्धा नाही.

पाचपैकी तीन तारे. निळा खडा बदलून मागितलाय.