ऑथेंटिकेटर अ‍ॅप: काही महिने वापरल्यावर (आणि एका भांडणानंतर)

एसएमएसचे ओटीपी सोडून ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर आले. लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा, सतत बदलणारा कोड ते फोनवरच काढून दाखवतं. आता थेट तक्रारीवर येते.

कोडशेजारचा तो गोल! तीस सेकंदांत झिजत जातो, शेवटी लाल होतो, आणि मी अ‍ॅप उघडते तेव्हा हमखास लालच असतो. चार आकडे टाइप होईतो कोड बदलतो. त्यात घरातलं एक खातं सामाईक, कोड माझ्या फोनवर. म्हणजे कुणाला लॉगिन करायचं झालं की मला फोन. मी आकडे वाचते, पलीकडून 'थांब, परत सांग', तोवर गोल संपलेला. बरं, नुकताच संपलेला कोडही चालवून घ्यायची मुभा या पद्धतीच्या मानकातच आहे (आरएफसी ६२३८, २०११), आणि बऱ्याच साइट तो घेतातही. मग लाल रंग दाखवून घाबरवता कशाला?

एक तारा देणार होते. पण मध्यंतरी फोन दुरुस्तीला गेला, परत आला तो प्रत्येक कोड नापास. कारण सापडलं ते मजेशीर: दुरुस्तीत फोनचं घड्याळ मागे पडलं होतं. सुरुवातीला खातं जोडायला क्यूआर स्कॅन करताना मिळालेली गुप्त किल्ली आणि चालू वेळ, एवढ्यावरच अ‍ॅप कोड काढतं. तिकडे सर्व्हर तेच गणित स्वतंत्रपणे करतो. नेटवर्क नको, सिम नको. वेळ ऑटोमॅटिकवर टाकली आणि पहिलाच कोड चालला. हे मात्र मनापासून आवडलं. तारे वाढवले.

आता भांडण. घड्याळाचा घोळ सापडायच्या आधी एका सेवेच्या कस्टमर केअरला गाठलं होतं. अ‍ॅपचा कोड चालत नाही म्हटल्यावर उत्तर आलं, 'खात्रीसाठी अ‍ॅपमधला कोड सांगा.' बरीच हुज्जत घातल्यावर म्हणाले, मोबाइलवर ओटीपी पाठवतो, त्याने आत जा. म्हणजे पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं नुसतं लोटलेलं! नंबर पळवणं (म्हणजे तो दुसऱ्याच सिमवर वळवून ओटीपी मिळवणं) किती सोपं असतं ते २०१९मध्ये जॅक डॉर्सीच्या बाबतीत दिसलंच, तेही ट्विटरचा प्रमुख असताना. 'मला कोण हॅक करणार' म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवते.

खोट्या पानावर अ‍ॅपचा कोडही टाइप करून फसता येतं, हा खरं तर गोलापेक्षा मोठा दोष. सिक्युरिटी की (लॉगिनसाठी जोडायचं छोटं उपकरण) तिथे फसत नाही, कारण ती साइटचा पत्ता स्वतः तपासते. पण हरवण्याच्या भीतीने दोन घ्याव्या लागतात, आणि दुसरी नुसती कपाटात ठेवायला पैसे घालायची माझी तयारी नाही. मुख्य ईमेलला पासकी (तशीच किल्ली, पण फोनमध्येच राहणारी) लावली, ती फुकट. बाकी खाती अ‍ॅपवरच. फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड कागदावर उतरवलेत.

त्या सेवेत मोबाइल नंबर काढून टाकायची सोय नाही. तशी लेखी मागणी केली, तर 'तक्रार नोंदवण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.'