बिलावर ०डब्ल्यू-२०, इंजिनात डिझेलचं ऑइल

पेट्रोल गाडी बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिसिंगसाठी देत असाल तर हे जरूर वाचा. माझी गाडी बीएस-६, १.२ लिटर पेट्रोल. कंपनीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२०, म्हणजे अगदी पातळ ऑइल दिलंय. नाशिकच्या एका गॅरेजने बिलात तेच लावलं, 'फुल सिंथेटिक' म्हणून अडीच हजारांच्या वर पैसे घेतले आणि गाडीत टाकलं ट्रकचं ऑइल.

संशय आला तो थंडीत. सकाळी सेल्फ जड जायचा, इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक आवाज यायचा आणि गाडी तापली की थांबायचा. अ‍ॅव्हरेजही उतरलं. गॅरेजवर जाऊन रिकामे डबे मागितले, तर म्हणे भंगारात गेले. रॅम्पच्या मागे वीस लिटरची बादली होती. झाकणावर काळा थर, बाजूला ऑइलने माखलेलं माप आणि नरसाळं. लेबल पुसून पाहिलं: १५डब्ल्यू-४०, म्हणजे जाड ऑइल, आणि सीआय-४ प्लस, म्हणजे डिझेल इंजिनाचा दर्जा. पोऱ्याला विचारलं, तो सहज बोलून गेला, "दादा, सगळ्यांना यातलंच जातं."

मालकाचं उत्तर तयारच होतं. "साहेब, डिझेलचं ऑइल जास्त दणकट असतं, तुमच्या इंजिनाचं भलंच झालं." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. डिझेल इंजिनात काजळी जास्त होते, म्हणून त्या ऑइलमध्ये ती धुऊन धरून ठेवणारी रसायनं जास्त घालतात. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसही सहसा जास्त असतं. पण ऑइल थोडंफार जळतंच, आणि तो फॉस्फरस धुरासोबत, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला हळूहळू निकामी करतो. म्हणूनच ०डब्ल्यू-२०सारख्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक धोका. कॅल्शियमचं प्रमाण जास्त असलेल्या ऑइलने कमी आरपीएमला वेळेआधीच ज्वलन होऊन पिस्टन फुटू शकतो. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या, २०२० मध्ये आलेल्या एसपी दर्जात त्याची खास चाचणी आहे.

एकदा असं ऑइल पडलं म्हणून इंजिन लगेच बसत नाही, घाबरू नका. काही ऑइल दोन्हींसाठी प्रमाणित असतात, डब्यावर 'सीआय-४ प्लस/एसएल' असं छापलेलं असतं. सी डिझेलचा, एस पेट्रोलचा. जे अक्षर आधी, ते ऑइल मुख्यतः त्या इंजिनासाठी. जुन्या पेट्रोल गाडीला, पुस्तिकेत तो जाडपणा आणि दर्जा बसत असेल तर, ते चालतंही. माझा राग ऑइलवर नाही. स्वस्त बादलीतलं ऑइल महागड्या डब्याच्या भावाने विकलं, ही सरळ चोरी आहे. आणि ती इथे रोज, प्रत्येक गाडीमागे चालते.

बरीच हुज्जत घातल्यावर ऑइलचे पैसे परत मिळाले, मजुरी नाही. दुसरीकडे ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला, सकाळची टकटक गेली. बिल आणि बादलीच्या लेबलचा फोटो जपून ठेवलाय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करतोय.

तुम्ही ऑइलचा सीलबंद डबा स्वतः विकत न्या, समोर उभं राहून ओतून घ्या. रिकामा डबा तिथे सोडू नका, सोडायचाच तर बुडाला भोक पाडून सोडा. अशा डब्यांत सुटं ऑइल भरून ते पुन्हा विकलं जातं.