क्रायसिससाठी विंडोज एक्सपी: जुनं ते खरंच सोनं का?

जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसर, 4 जीबी रॅम, जीफोर्स 8800 जीटी ग्राफिक्स कार्ड, आणि त्यावर एक्सपी सर्व्हिस पॅक 3 टाकून 2007 चा क्रायसिस हा गेम खेळायचा असा हट्ट धरला होता. पंधरा दिवस खेळून झाल्यावर हा रिव्ह्यू. एक्सपीला पाचात साडेतीन.

पहिला धक्का म्हणजे 4 जीबी लावली तरी दिसते सव्वातीनच. रॅम खराब नाहीये, 32 बिट विंडोजमध्ये मेमरीचे एकूण पत्तेच (अॅड्रेस) 4 जीबीचे, त्यातले काही ग्राफिक्स कार्ड आणि बाकीचं हार्डवेअर घेतं. वर एका गेमला त्यातले फक्त 2 जीबी वापरता येतात. मग बूट डॉट आयएनआय या विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग फाइलमध्ये थ्रीजीबी स्विच (गेमला 2 ऐवजी 3 जीबी देणारा पर्याय) टाकायचा सल्ला सगळे देतात, मीही टाकला, पण तेव्हा कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, उरतो 1 जीबी आणि ग्राफिक्स ड्रायव्हर तिथेच राहतो ना, त्याचा जीव गुदमरतो, माझं मशीन दोनदा आपोआप रीस्टार्ट झालं. सोबत त्याच फाइलमध्ये यूझरव्हीए 2800 (गेमला 3 जीबीऐवजी 2800 एमबी) असं दिलं की कर्नलला थोडी जागा परत मिळते, मशीन शांत होतं. आणि गेमच्या एक्झीत (मुख्य प्रोग्राम फाइलमध्ये) लार्ज अॅड्रेस अवेअर फ्लॅग, म्हणजे 2 जीबीपेक्षा जास्त मेमरी चालेल अशी खूण, नसेल तर या सगळ्याचा फायदा शून्य, हे कोणी सांगतच नाही. मला तर फरक जाणवला नाही, शेवटी स्विच काढूनच टाकला.

विंडोजच्या सर्व्हिसेस (मागे चालणारे छोटे प्रोग्राम) बंद करायच्या लांबलचक याद्या असतात त्यांच्या नादी लागू नका. मी उत्साहात विंडोज ऑडिओ पण बंद केलं आणि तासभर साउंड ड्रायव्हर शोधत बसलो 😂 त्यापेक्षा एक्सपीत हार्डवेअर प्रोफाइल नावाची भारी गोष्ट आहे जी कोणाला आठवत नाही. गेमसाठी वेगळं प्रोफाइल बनवायचं, त्यात प्रिंट स्पूलर (प्रिंटिंगची सर्व्हिस), इंडेक्सिंग (फाइल शोधण्याची सर्व्हिस) वगैरे बंद ठेवायचं, मशीन सुरू होताना मेनूतून ते निवडायचं, रोजचं प्रोफाइल जसंच्या तसं. फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) फार वाढत नाही खरं, पण मधेच हार्डडिस्क खरखरायची आणि गेम अडकायचा ते कमी झालं.

खरा फरक गेमच्याच सेटिंगमध्ये. शेडर्स (प्रकाश-सावलीचे इफेक्ट) हायवरून मीडियमवर आणा, बाकी काही करू नका, एवढ्यानेच गेम पळायला लागतो (जंगल थोडं फिकट दिसतं, चालतंय). एक्सपीवर डायरेक्टएक्स (गेमचे ग्राफिक्स चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) 9 च, त्यामुळे व्हेरी हाय पर्याय मेनूत निवडताच येत नाही. पण कॉन्फिग फाइलींमधली व्हेरी हायची व्हॅल्यू हायच्या जागी कॉपी केली की त्यातले बरेच इफेक्ट डायरेक्टएक्स 9 वरही दिसतात, सूर्यकिरणं झाडांतून येतात ते बघून मी पाच मिनिटं नुसता उभा होतो, शत्रूने मारलं तेव्हा भानावर आलो. अर्थात त्यावर खेळणं म्हणजे स्लाइड शो, फोटो काढा आणि परत मीडियमवर या.

अर्धा मार्क कापला तो नेटसाठी. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 लाच संपलाय, स्टीम हे ऑनलाइन गेम दुकान पण 2019 पासून एक्सपीवर चालत नाही, तेव्हा डीव्हीडी असेल तरच या भानगडीत पडा आणि नेटची वायर काढून ठेवा. उरलेला एक मार्क बर्फाच्या लेव्हलमुळे गेला, तिथे 1280 बाय 1024 ला मीडियमवरही धापा टाकतो. मी रिझोल्यूशन खाली आणून कसाबसा पार केला.