त्र्यंबक रोडच्या स्वस्त प्लॉटचं टोकन देण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये नुकतीच डिग्री होऊन पहिली नोकरी लागलेल्या सगळ्यांना सांगतोय, सध्या आपल्याच वयाच्या पोरांना गाठून प्लॉट गळ्यात मारतायत. 2027 चा कुंभमेळा, समृद्धी महामार्ग, रेट डबल होणार, हीच टेप सगळीकडे.

मला त्र्यंबक रोडला आतल्या बाजूला दीड गुंठा दाखवला. फक्कीच्या रेषा मारलेल्या, मुरूम टाकलेला रस्ता, कमान, सगळं होतं. ‘दादा आत्ता फक्त एक लाख टोकन द्या, बाकी हप्त्याने बघू.’ सातबारा मागितला तर व्हॉट्सॲपवर फोटो आला, त्यात मालकाचं नाव आणि क्षेत्र स्पष्ट, पण वरची भूधारणा पद्धतीची ओळ (जमीन कोणत्या वर्गाची ते सांगणारी) आणि उजवीकडचा इतर अधिकाराचा रकाना (विक्रीवरचे निर्बंध असतात तो) बरोबर कापलेला. टोकन दिल्यावर विसार पावती, म्हणजे आगाऊ पैसे घेतल्याचा कागद, नोटरी करून दिली, त्यावर माझा फोटो, सही, अंगठा, लाल गोल शिक्का, बघणाऱ्याला वाटावं व्यवहार पक्काच झाला. नोटरीने मालकी मिळत नाही, त्यासाठी सब रजिस्ट्रारकडे खरेदीखत नोंदवावंच लागतं.

खरेदीखताची तारीख पुढे पुढे जायला लागली तेव्हा माझ्या वडिलांच्या ओळखीच्या वकिलांनी गट नंबर टाकून डिजिटल सहीचा सातबारा काढला, 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. भोगवटादार वर्ग 2, आणि इतर अधिकारात कलम 36 व 36 अ चा शेरा. म्हणजे जमीन आदिवासी खातेदाराची, सरकारी परवानगीशिवाय ती बिगर आदिवासी माणसाला विकताच येत नाही, आणि एनए (बिगरशेती) तर झालेलीच नाही. मूळ मालक असलेल्या म्हाताऱ्या बाबांनाही थोडे पैसे टेकवून कागदांवर अंगठे घेतलेत, माझ्या पैशापेक्षा या गोष्टीची चीड जास्त येते.

पैसे मागितले की ‘दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये ॲडजस्ट करतो’ म्हणतात. ते घेऊ नका, तिथेही तेच असणार. मी पोलिसांत लेखी अर्ज दिलाय.

500 चौरस मीटरच्या वरची जागा आणि 8 पेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नंबर लागतोच, आणि अशा प्रोजेक्टमध्ये नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. गट नंबर विचारला आणि समोरचा ‘आधी बुकिंग करा मग देतो’ म्हणाला तर तिथूनच घरी या. याच जागेचे फोटो अजून लोकांच्या स्टेटसला फिरतायत, कमान पिवळी आहे, मागे पाण्याची काळी टाकी.