कोकम, मीठ आणि माझा रक्तदाब : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझा रक्तदाब १४८/९२ निघाला. गोळी आधीपासून चालूच होती. डॉक्टरांनी तिची मात्रा लगेच न वाढवता तीन महिने आहार सांभाळून पाहू असे सांगितले, आणि त्याच सुमारास एका स्नेह्यांनी ‘हृदयासाठी कोकम घ्या, चरकात आहे’ असे सुचवले. शाळेत संस्कृत शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे ऐकीव गोष्टीवर न थांबता मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा चौथा अध्याय काढून पाहिला. तेथे हृद्य म्हणून दहा फळे दिली आहेत. आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग यांच्या पंक्तीत वृक्षाम्ल, म्हणजे आपले कोकम, आहे. यादी वाचताना लक्षात येते की यातली बहुतेक फळे आंबट आहेत. शिवाय ‘हृद्य’ म्हणजे हृदयाला हितकर तसेच मनाला रुचणारेही. आपण ‘हृद्य सत्कार’ म्हणतो तेव्हा तेथे कोणी रक्तदाब मोजत नसते. त्यामुळे या यादीला आजच्या अर्थाने हृदयविकारावरचे औषध समजू नये, एवढी खूणगाठ मी सुरुवातीलाच बांधली होती. पुढची चूक मात्र टळली नाही.

माझे गाव लांज्याजवळ असल्याने घरात आगळाची, म्हणजे कोकमाच्या दाट रसाची, बाटली नेहमीच असते. मी ज्येष्ठापासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा मोठा चमचा आगळ पाण्यात घालून घेऊ लागलो. चव उत्तम, जेवणानंतरचे जडपण कमी, आणि औषध घेतल्याचे समाधान वेगळेच. रक्तदाब मात्र घरच्या यंत्रावर खाली येण्याऐवजी वर सरकू लागला. सातव्या आठवड्याची माझी सरासरी १५४ होती. यंत्र बिघडले असावे असे वाटून मी शेजाऱ्यांचे यंत्रही आणून पाहिले. त्यानेही तेच सांगितले.

उलगडा अगदी साध्या गोष्टीने झाला. स्टीलच्या ताटलीत सांडलेले चमचाभर आगळ गॅलरीतल्या उन्हात तसेच राहिले होते आणि दुपारी पाहिले तर लाल डागाच्या कडेने पांढऱ्या खड्यांची बारीक रांग उभी राहिली होती. जिभेला लावले तर निव्वळ मीठ. आगळ टिकते ते मिठामुळेच, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला कोणी सांगावे लागू नये. पण प्रमाणाचा विचार मी कधी केला नव्हता. बाटलीवरचा मजकूर भिंग घेऊन वाचला, तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये सोडियम सुमारे ६००० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम मीठ, असा हिशेब निघाला. माझ्या दोन चमच्यांतून, म्हणजे ३० मिलिलिटरमधून, रोज साडेचार ग्रॅम मीठ पोटात जात होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात मिळून ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि आमच्या घरात आमटी, लोणचे, पापड यांपैकी काहीही बंद झालेले नव्हते.

गोड सरबताकडे वळण्यात अर्थ नव्हता, कारण त्यात सालींपेक्षा साखरच जास्त असते. शेवटी बिनमिठाची सुकी सोले, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, शोधली. ती सहज मिळत नाहीत आणि मिठाच्या सोलांपेक्षा महाग पडतात. मिठाचे वजनही आपण कोकमाच्या भावाने घेतो, हे तेव्हा कळले. रात्री चार-पाच सोले काचेच्या पेल्यात भिजत घालतो, सकाळपर्यंत पाण्याला गडद जांभळट लाल रंग येतो, मग चिमूटभर जिरेपूड घालून गाळून पितो. तांब्या-पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरत नाही, कारण आंबट रसाने धातू पाण्यात उतरतो. भाद्रपदातल्या दमट हवेत पहिल्या पाकिटाला बुरशी आली आणि ते सगळे टाकावे लागले. तेव्हापासून सोले शीतकपाटात हवाबंद डब्यात असतात.

आता माझी सरासरी १३६/८४ आहे. याचे श्रेय कोकमाला द्यायला मी तयार नाही. आगळ थांबले, त्या धक्क्याने लोणचे-पापडही सुटले, आणि सकाळी चाळीस मिनिटे चालणे सुरू झाले. यांतले कशाने किती झाले हे एका माणसाच्या वहीवरून सांगता येत नाही. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या, कोलेस्टेरॉलमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. खात्रीने सांगता येईल ते इतकेच की दुपारचा दुसरा चहा सुटला आणि पोट हलके राहते. त्रास म्हणाल तर चौथ्या महिन्यात दात आंबू लागले, म्हणून आता प्यायल्यावर लगेच चूळ भरतो आणि अर्धा तास ब्रश करत नाही. गोळी एक दिवसही बंद केलेली नाही, आणि हे पाणी घेतो ते डॉक्टरांना सांगूनच.

कोकमाच्या जातकुळीतल्या फळांचा अर्क वजन घटवण्यासाठी कॅप्सूलमधून विकला जातो. त्यापासून मी दूर राहिलो, कारण गार्सिनिया कंबोजियाच्या अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पेल्यातली चार सोले आणि दाट केलेला अर्क यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

येत्या वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळे, फोडताना दोन टोपल्या साली मीठ न लावता, नुसत्या रसाची पुटे देऊन वाळवाव्यात, असे गावी दादाला कळवले आहे. ‘पावसाळ्यात टिकली नाहीत तर मला बोलायचे नाही,’ असे बजावून तो एका टोपलीला तयार झाला आहे.