मोंढ्यातल्या माणसाच्या नजरेतून ‘माफिया २’

‘माफिया २’ या व्हिडिओ गेमचा नायक विटो स्कालेटा युद्धावरून घरी परततो तो दिवस फेब्रुवारी १९४५ मधला आहे. लष्करी गणवेशातला हा वीस वर्षांचा मुलगा एम्पायर बे शहरातल्या आपल्या जुन्या गल्लीतून चालत जातो. रस्त्याच्या कडेला बर्फ साचलेला असतो, वरच्या मजल्यावरून भांडणाचे आवाज येत असतात आणि ओळखीचे लोक हाक मारत असतात. घरी आई आणि बहीण फ्रान्सेस्का त्याला जेवायला वाढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारापाशी सावकाराचा माणूस बहिणीला अडवून पैसे मागताना दिसतो. वडील वारले आहेत आणि मागे दोन हजार डॉलरचे कर्ज राहिले आहे. ‘माफिया २’ हा खेळ टोळीयुद्धाचा म्हणून ओळखला जातो, बंदुका आणि मोटारी त्यात भरपूर आहेत, तरी त्याच्या कथेचा पाया या दोन हजार डॉलरवर आहे. जालन्याच्या मोंढ्यात ज्याच्या वडिलांनी तीस वर्षे आडतीवर हिशेब लिहिला, त्या माझ्यासारख्याला हा खेळ इतका जवळचा का वाटला, याचे कारणही तेच आहे.

चेक प्रजासत्ताकातल्या ‘टूके चेक’ या संस्थेने तयार केलेला हा खेळ २०१० साली आला. याच मंडळींनी, संस्थेचे नाव ‘इल्यूजन सॉफ्टवर्क्स’ असताना, २००२ साली पहिला ‘माफिया’ केला होता. एम्पायर बे हे शहर काल्पनिक असले तरी न्यूयॉर्कची छाप त्यावर ठळक आहे. कथा १९४३ मध्ये सिसिलीत सुरू होते, १९४५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत येते आणि मधली काही वर्षे ओलांडून १९५१ मध्ये पोहोचते. एकूण पंधरा प्रकरणे आहेत आणि घाई न करता खेळल्यास साधारण बारा ते पंधरा तास लागतात.

सिसिलीतल्या प्रसंगाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याला खऱ्या इतिहासाचा आधार आहे. जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा त्या बेटावर उतरल्या. खेळात ऐन लढाईच्या मध्यावर डॉन कालो नावाचा स्थानिक माफिया म्होरक्या रणगाड्यावरून येतो आणि त्याच्या एका शब्दावर मुसोलिनीचे सैनिक शस्त्रे खाली ठेवतात. कालोजेरो व्हित्सीनी हा माणूस खरोखर होऊन गेला आणि दोस्त राष्ट्रांनी त्याला व्हिलाल्बा गावाचा महापौर नेमले होते. रणगाड्याची गोष्ट मात्र दंतकथा असल्याचे बहुतेक इतिहासकार मानतात. खेळाने ती दंतकथा उचलली आहे आणि ते कथेला साजेसेच झाले आहे, कारण सैन्यापेक्षा मोठी सत्ता कुणाची असते हे विटोच्या मनावर तिथेच कोरले जाते.

घरी परतल्यावर त्याचा मित्र ज्यो बार्बारो त्याला खोट्या कागदपत्रांवर सैन्यातून सोडवून आणतो. नंतर विटो गोदीवर कामाला जातो, आणि माझ्या मते हाच या खेळातला सर्वात चांगला प्रसंग आहे. एका ट्रकमध्ये लाकडी खोकी भरायची असतात. खेळणाऱ्याने एक खोके उचलायचे, सावकाश चालत ट्रकपर्यंत न्यायचे, ठेवायचे, परत यायचे आणि दुसरे उचलायचे. त्यात कसलेही कौशल्य लागत नाही, संगीत जोर धरत नाही, संकट येत नाही. मी खेळत असताना बाबा मागे खाटेवर बसून पाहत होते. चार खोकी झाल्यावर त्यांनी विचारले, “हमाली खोक्यावर आहे की गाडीवर?” गाडीवर, आणि सगळ्याचे मिळून दहा डॉलर, असे मी सांगितले. ते म्हणाले, “मग हा पोरगा टिकत नाही.” खेळ खेळणाऱ्याला ते काम अर्ध्यावर सोडून द्यायची मुभा देतो आणि बहुतेक जण सोडतातच. विटो गुन्हेगारीकडे का वळला याचे उत्तर संवादात सांगण्याऐवजी ते आपल्याच खांद्यावर ठेवले आहे.

काम सोडल्यावर गोदीचा मालक डेरेक त्याला दुसरे काम देतो. गोदीवरच्या प्रत्येक मजुराकडून न्हाव्याचे पैसे गोळा करायचे, मग त्याने केस कापून घेतलेले असोत वा नसोत. हे प्रकरण कल्पनेतून आलेले वाटेल, पण त्या काळच्या न्यूयॉर्कच्या गोदीत मजुरांना रोज सकाळी घोळक्याने उभे राहावे लागे, मुकादम त्यातले काही निवडे आणि निवड व्हावी म्हणून मजुरीतला वाटा त्याला द्यावा लागे. तिथल्या चौकशीनंतर १९५३ मध्ये ही पद्धत मोडण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. आपल्याकडे हमालांसाठी माथाडी कायदा १९६९ साली झाला. मजूर अड्ड्यावर सकाळी उभी असलेली माणसे, ऊसतोडीला निघताना मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत न सुटणारा फड ज्याने पाहिला आहे, त्याला डेरेकची वसुली समजावून सांगावी लागत नाही.

पुढचे प्रकरण पेट्रोलच्या कुपनांचे आहे. डिसेंबर १९४२ पासून संपूर्ण अमेरिकेत पेट्रोलचे रेशनिंग होते. साध्या ‘ए’ वर्गाच्या गाडीला आठवड्याला तीन-चार गॅलनच मिळत आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवर आणली होती. मूळ टंचाई पेट्रोलपेक्षा रबराची होती. आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या हाती गेल्याने टायर वाचवणे भाग होते, आणि टायर वाचवायचे तर गाड्या कमी धावायला हव्यात, म्हणून पेट्रोल मापून दिले जाई. साहजिकच चोरलेल्या आणि बनावट कुपनांचा काळा बाजार उभा राहिला आणि माफियाने त्यातून रग्गड कमाई केली. त्या जगातून फुटून १९६३ साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जबानी देणारा ज्यो व्हलाची स्वतः या कुपनांच्या धंद्यात होता. खेळात विटो रात्री किंमत नियंत्रण कार्यालयात शिरतो, तिजोरीतून कुपने काढतो आणि त्यांची मुदत संपण्याआधी ती खपवण्यासाठी एका पेट्रोल पंपावरून दुसऱ्यावर गाडी पळवतो. नेमक्या याच गुन्ह्यासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा होते. माझे आजोबा त्याच वर्षांत निजामाच्या राज्यात लेव्हीचे, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचे, धान्य घालत होते आणि रेशनच्या कागदाची किंमत धान्याइतकीच कशी होते हे ते सांगत असत, त्यामुळे कागदाच्या तुकड्यांसाठी दहा वर्षे तुरुंग ही गोष्ट मला अतिशयोक्त वाटली नाही.

तुरुंगाचे प्रकरण संथ आहे. मुताऱ्या घासायचे काम खेळणाऱ्यालाच करावे लागते, मारामाऱ्याही बऱ्याच आहेत आणि काही जण इथेच कंटाळतात. मी कंटाळलो नाही. विटो शिक्षा पुरी होण्याआधीच १९५१ मध्ये सुटतो, तेव्हा बर्फ गेलेला असतो, गाड्या रुंद आणि चकचकीत झालेल्या असतात आणि रेडिओवर वेगळेच संगीत वाजत असते. तीच गल्ली, तेच चौक, पण मधली वर्षे निघून गेली आहेत हे कुणी न सांगता कळते. एकच शहर दोन काळांत दाखवण्याची ही करामत मला दुसऱ्या फार थोड्या खेळांत दिसली आहे.

गाण्यांच्या बाबतीत मात्र निर्मात्यांनी तारखा पाळलेल्या नाहीत. विटो घरी येतो तेव्हा डीन मार्टिनच्या आवाजातले हिमवर्षावाचे जे गाणे ऐकू येते ते मुळात लिहिले गेले जुलै १९४५ मध्ये, म्हणजे कथेतल्या त्या दिवसानंतर पाच महिन्यांनी, आणि मार्टिनने ते गायले १९५९ साली. दृश्याशी ते इतके एकजीव झाले आहे की ते काढून टाकावे असे मला वाटत नाही, तरी जो खेळ कुपनांच्या मुदतीपर्यंत काटेकोर आहे त्याने इथे ढिलाई केली याची नोंद घ्यायला हवी.

मोटारी चालवणे हा खेळाचा मोठा भाग आहे आणि तो उत्तम जमला आहे. १९४५ च्या जड गाड्या बर्फावर मागून घसरतात, ब्रेक उशिरा लागतात, वळण आधीपासून हेरावे लागते. पोलिसांसमोर वेगमर्यादा ओलांडली की ते मागे लागतात, गुन्ह्यात वापरलेल्या गाडीचा क्रमांक त्यांच्या लक्षात राहतो आणि मग गॅरेजमध्ये जाऊन नंबरपाटी बदलावी लागते. ते विटोचा चेहरा ओळखत असतील तर कपडे बदलावे लागतात. वेग आपोआप मर्यादेत ठेवणारे एक बटण दिले आहे, ते सुरुवातीलाच शिकून घ्यावे. गोळीबार आडोशावरून आडोशाकडे सरकत करायचा नेहमीच्या धाटणीचा आहे. हाताने लढण्याचे प्रसंग मला जास्त आवडले.

खरी उणीव शहरात आहे. नकाशा मोठा आहे, इमारती सुरेख आहेत, पण कथेबाहेर तिथे करण्यासारखे जवळपास काहीच नाही. कपड्यांची दुकाने, हत्यारांची दुकाने, खानावळी, पेट्रोल पंप आणि भंगारात गाडी विकण्याची सोय एवढेच आहे. मुख्य कथा संपली की मोकळे फिरताही येत नाही. बहुतेक प्रकरणांची सुरुवात झोपेतून उठून, फोन घेऊन, शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी नेण्याने होते. मुक्त विश्वाचा, म्हणजे शहरभर हवे तसे फिरू देणारा, खेळ म्हणून पैसे मोजणाऱ्याची यात निराशा होईल आणि ती रास्त आहे. आणखी एक गोष्ट मला खटकली. चिनी, आयरिश आणि कृष्णवर्णीय पात्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत आणि स्त्रियांना तर जागाच नाही. फ्रान्सेस्का तेवढी लक्षात राहते. तिला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला विटो बडवून येतो आणि त्यानंतर तीच भावाशी संबंध तोडते. दोन मिनिटांचा तो फोन मी दोनदा ऐकला.

मात्र शहर रिकामे असले तरी हिशेबाची वही भरलेली आहे. विटोने कमावलेला पैसा या खेळात कधीच टिकत नाही. सिगारेटची चोरटी विक्री करताना ट्रक जळतो आणि नुकसान विटो आणि ज्योच्याच माथी बसते. पुढे तर हे मित्र मोठ्या सौद्यासाठी ३५ हजार डॉलर उचलतात आणि ५५ हजार परत करायचे ठरते. तो सावकार कोण निघतो हे मी सांगणार नाही, पण तो क्षण आला तेव्हा मला सुरुवातीला दारापाशी उभा असलेला तो माणूस आठवला आणि मी खेळ थांबवून थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

घेण्याविषयी थोडे. २०२० साली याची ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती आली, तिच्यात चित्रे अधिक स्पष्ट आहेत आणि जोडकथाही समाविष्ट आहेत. जिमी या वेगळ्या नायकाच्या दोन जोडकथा वेळेशी शर्यत लावून गुण मिळवण्याच्या आहेत, त्या वगळल्या तरी चालतील. ज्योची कथा खेळून पाहावी. या आवृत्तीत सुरुवातीला बऱ्याच तांत्रिक चुका होत्या आणि काही अजूनही दिसतात, त्यामुळे संगणक जुना असेल तर मूळ आवृत्तीच बरी. भाषा फार शिवराळ आहे, नग्नताही आहे, तेव्हा हा खेळ अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये. संवाद इंग्रजीत आणि इटालियन ढंगात असल्याने खाली दिसणारी वाक्ये चालू ठेवावीत. हवे तेव्हा खेळ जतन करण्याची सोय नाही, ठरावीक टप्प्यावर तो आपोआप जतन होतो आणि हे टप्पे कधी कधी फार लांब असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि कुपनांची अर्धी फेरी मला पुन्हा करावी लागली. इन्व्हर्टर नसेल तर रात्री अकरानंतर, वीज स्थिर असताना बसावे.