सेकंडहँड हिमालयन: ४११ घ्यावी की ४५०?

लांब फिरायला रॉयल एनफिल्डची हिमालयन बाइक घ्यायची असेल तर माझं मन अजूनही जुन्या ४११ मॉडेलकडेच झुकतं. २०१६ ची कार्ब्युरेटरवाली (इंजिनात पेट्रोल सोडायची जुनी पद्धत) सोडा, फ्युएल इंजेक्शनचीच बघा. ताकद २४ बीएचपीच, पण कमी आरपीएमला ओढ चांगली, त्यामुळे वरंधा घाटात सामान लादूनही निवांत चढते. रेडिएटर नाही, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) कटकट नाही. बघायला जाल तेव्हा पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत, तेवढे पैसे कमी करून घ्या.

२०२३ च्या नोव्हेंबरात आलेली ४५० वेगळीच: ४० बीएचपी, सहा गिअर, १७ लिटरची टाकी. महामार्गावर तासन्‌तास शंभरीने जाणार असाल तर हीच घ्या. सीट मात्र ८२५ मिमी. आधी बसून पाय टेकतात का बघा.